उन्हाळी सुटीतील अभ्यासक्रमांची मात्रा

चैत्र सरत आला की आयुर्वेद महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर निवेदनांची गर्दी होऊ लागते. नाडीपरीक्षा शिबिर, अग्निकर्म व विद्धकर्म कार्यशाळा, केरळीय पंचकर्म वर्ग, गर्भसंस्कार, केश व त्वचा चिकित्सा, औषधीनिर्माण, संस्कृत संभाषण अशी ही यादी दरवर्षी वाढतच जाते. आपल्या संघटनेच्या शाखाही यात मागे नाहीत. ज्ञानाची ही द्वारे उघडी असावीत याबद्दल दुमत नाही. एखादे कर्म प्रत्यक्ष पाहावयाचे तर कोणा वैद्यांच्या दारी महिनोन्‌महिने तिष्ठावे लागे, त्या काळापेक्षा आजची स्थिती निश्चितच बरी आहे. तथापि या सुबत्तेतून एक प्रश्न उभा राहिला आहे आणि आपण अध्यापक व ज्येष्ठ वैद्य त्याचे उत्तर देण्याचे सहसा टाळतो. तो प्रश्न असा की, उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थ्याने नेमके किती अभ्यासक्रम करावेत?

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी द्वितीय व्यावसायिक वर्षातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे वहीचे एक पान घेऊन आली. सुटी तीन आठवड्यांची होती. पानावर चार शिबिरे लिहिलेली होती. नाडीपरीक्षा पाच दिवस, अग्निकर्म व विद्धकर्म दोन दिवस, पंचकर्म सात दिवस आणि संस्कृत संभाषण दहा दिवस. त्याखाली दोन ऐच्छिक विषय, ज्यांना विद्यार्थी ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात, तेही याच सुटीत संपविण्याचा संकल्प होता.

“सर, यातले एखादे राहून तर जाणार नाही ना?” असे तिने विचारले.

मी तिला प्रथम बेरीज करावयास सांगितले. शिबिरांचेच दिवस चोवीस भरले. सुटी एकवीस दिवसांची. ऐच्छिक विषय अद्याप मोजलेच नव्हते, आणि वसमतजवळच्या तिच्या गावी जाण्यायेण्याचा प्रवासही नाही. शिबिरांच्या शुल्काविषयी विचारले तेव्हा ती थोडी थांबली आणि म्हणाली, “बाबांनी यंदाची हळद विकलीय, सर. ते म्हणाले, शिकायला लागतील तेवढे घे.”

हे वाक्य ऐकल्यावर या प्रश्नाकडे केवळ वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून पाहणे मला शक्य राहिले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गणित काय सांगते?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार आयुर्वेद पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्याची दीड-दीड वर्षाची तीन व्यावसायिक सत्रे आहेत; त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. प्रत्येक व्यावसायिक सत्रात किमान तीन, म्हणजे एकूण नऊ ऐच्छिक विषय विद्यार्थ्याने पूर्ण करावयाचे असतात. प्रत्येक विषय ४५ तासांचा. त्याचे नऊ-नऊ तासांचे पाच भाग. प्रत्येक भागात पाच तास अध्यापन, दोन तास मार्गदर्शित अध्ययन, एक तास तज्ज्ञांशी संवाद व चिंतन आणि एक तास मूल्यमापन, अशी विभागणी आहे.

तीन विषयांचे मिळून १३५ तास होतात. ते अठरा महिन्यांत पसरले तर महिन्याला साडेसात तास, म्हणजे आठवड्याला दोन तासांहूनही कमी. हा भार कोणताही विद्यार्थी सहज वाहू शकेल. परंतु हेच १३५ तास तीन आठवड्यांच्या सुटीत कोंबले तर एकही दिवस विश्रांती न घेता दररोज सुमारे साडेसहा तास पडद्यासमोर बसावे लागेल. एकच विषय सुटीत घेतला तर दररोज दोन तासांहून किंचित अधिक वेळ पुरतो. दोन घेतले तर सव्वाचार तास लागतात. या आकड्यांत शिबिरे नाहीत, संहितावाचन नाही, मागे राहिलेला अभ्यास नाही आणि घरही नाही.

नियमकर्त्यांनी दर नऊ तासांत एक तास संवाद व चिंतनासाठी का राखून ठेवला असावा? शिकलेले मनात मुरण्यास अवकाश लागतो हे त्यांनाही मान्य असले पाहिजे. घाईने विषय संपविणारा विद्यार्थी नेमका हाच तास गाळतो. चित्रफीत दुप्पट वेगाने पुढे सरकते, मूल्यमापनाची उत्तरे मित्राकडून येतात आणि गुण मिळून जातात. विद्येच्या बाबतीत मात्र हातात काहीच उरत नाही.

एक कबुली

येथे मला स्वतःच्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका गुणी विद्यार्थ्याने मला हाच प्रश्न विचारला होता. “जेवढे मिळेल तेवढे घे, वय आहे तुझे,” असे मी त्याला उत्साहाने सांगितले. त्याने ते अक्षरशः पाळले. प्रत्येक सुटीत तीन-चार शिबिरे. आंतरवासितेत तो माझ्याच बाह्यरुग्ण विभागात आला तेव्हा त्याच्यापाशी प्रमाणपत्रांची जाड धारिका होती.

एके दिवशी साठीचे एक गृहस्थ थकवा व भोवळ येत असल्याची तक्रार घेऊन आले. माझ्या विद्यार्थ्याने त्यांची नाडी धरली, बराच वेळ डोळे मिटून ठेवले आणि पित्तप्रकोप असे निदान लिहिले. नाडीचे वर्णन त्याने सुंदर केले होते. मी त्या गृहस्थांची पापणी उघडून पाहिली, ती पांढुरकी होती. मल कसा होतो असे विचारले. “आठ दिवसांपासून डांबरासारखा काळा होतोय,” ते म्हणाले. गुडघेदुखीसाठी ते कित्येक महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून उपाशीपोटी घेत होते. जठरातून रक्तस्राव होत असल्याची शंका स्पष्ट होती. त्यांना तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले आणि ते वाचले.

माझा विद्यार्थी त्या दिवशी गप्प होता. संध्याकाळी तो म्हणाला, “सर, मला हे सगळे माहीत आहे. विचारायचे सुचलेच नाही.”

हे ‘न सुचणे’ अज्ञानातून आलेले नव्हते. मल, मूत्र, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृक्, आकृती हे त्याला मुखोद्गत होते. परंतु एखाद्या वैद्यांपाशी सलग बसून शंभर रुग्णांना तेच साधे प्रश्न विचारले जाताना त्याने कधी ऐकले नव्हते. त्याच्या सुट्या नव्या नव्या तंत्रांत खर्ची पडल्या होत्या आणि जुन्या, नीरस वाटणाऱ्या सवयीला त्यांत जागाच उरली नव्हती. दोष त्याचा नव्हता. मात्रेचा विचार न करता औषध सांगणाऱ्या माझा होता.

शास्त्राची भूमिका

मात्रेचा विचार आपल्या शास्त्राइतका सूक्ष्मपणे क्वचितच कोणी केला असेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ आहे. आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून असते आणि जेवढे अन्न प्रकृतीस बाधा न आणता यथाकाल पचते तेवढी त्या व्यक्तीची मात्रा, हा तेथील सिद्धान्त आपण प्रत्येक रुग्णाला समजावून सांगतो. पूर्वीचे अन्न पचण्याआधी पुन्हा जेवणे याला आपण अध्यशन म्हणतो आणि त्याचा निषेध करतो. मात्र सोमवारी एक शिबिर संपवून मंगळवारी दुसऱ्या शहरात दुसऱ्या शिबिराला बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हा निषेध लागू आहे असे आपल्या मनातही येत नाही. पहिल्या शिबिराच्या टिपणवहीचे पान त्याने पुन्हा उघडलेलेही नसते.

विद्याग्रहणाविषयी चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय अधिकच स्पष्ट आहे. वैद्य होऊ इच्छिणाऱ्या बुद्धिमान व्यक्तीने काय पाहून शास्त्र निवडावे, हे तेथे आरंभीच सांगितले आहे. स्वतःच्या कार्याचे गुरुलाघव, कर्माचे फल, त्याचा अनुबंध, देश आणि काल यांचा विचार करूनच निवड करावी. उन्हाळी अभ्यासक्रमांच्या निवडीला हे पाचही निकष जसेच्या तसे लावता येतात. हे काम माझ्यासाठी जड की हलके? याचे फल प्रमाणपत्र की कौशल्य? शिबिर संपल्यावर त्याचा अनुबंध काय, म्हणजे ते कर्म मला पुढे कोणाच्या देखरेखीखाली करावयास मिळणार आहे का? ते कोठे आहे? आणि ते आताच करण्याचे आहे का? या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढली तर बहुतेक याद्या आपोआप आटोक्यात येतील.

याच अध्यायात अध्ययनाचा विधी सांगताना अभ्यास करणारा निरोगी असावा, त्याने त्यासाठी वेळ निश्चित केलेला असावा, पहाटे उठून सम व शुचि जागी बसून सूत्रांची मनःपूर्वक पुनःपुन्हा आवृत्ती करावी असे म्हटले आहे. येथे भर आवृत्तीवर आहे. त्याचे प्रयोजनही सांगितले आहे. आपल्यातील दोष दूर व्हावेत आणि दुसऱ्यांच्या प्रतिपादनातील दोष ओळखता यावेत. शिबिरांत नवे पुष्कळ मिळते, आवृत्ती मात्र होऊ शकत नाही. ती घरी, एकट्याने आणि निवांतपणेच करावी लागते.

आता कालाचा विचार. शिशिर, वसंत व ग्रीष्म हा आदानकाल. त्याच्या अंती, म्हणजे ग्रीष्मात, प्राणिमात्रांचे बल क्षीण असते. म्हणूनच ग्रीष्मचर्येत व्यायाम वर्ज्य सांगितला आणि इतर ऋतूंत निषिद्ध असलेली दिवानिद्रा याच एका ऋतूत मान्य केली. कोणी म्हणेल, वातानुकूलित सभागृहात बसून व्याख्यान ऐकणे हा काही व्यायाम नव्हे. खरे आहे. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थी त्या सभागृहापर्यंत कसा पोहोचतो हेही पाहावे. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर येथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. रात्रभर एस.टी.चा प्रवास, पत्र्याच्या छताखाली मित्राच्या खोलीवर मुक्काम, बाहेरचे जेवण, जागरणाने वाढलेली रूक्षता आणि परतताना ज्वर किंवा अतिसार, हे चित्र काल्पनिक नाही. दर जूनमध्ये वर्ग सुरू होताना कोमेजलेले चेहरे आपण पाहतोच. ऋतुचर्या शिकण्यासाठी ऋतुचर्या मोडणारा विद्यार्थी ही आपल्या काळातील एक विलक्षण विसंगती आहे.

सुश्रुतसंहितेत तर अनध्यायाचे दिवसही नेमून दिले आहेत. विशिष्ट तिथी, संधिकाल, अकाली विद्युत्पात अशा वेळी अध्ययन करू नये असे सांगितले आहे. त्यामागील कारणांची मीमांसा अनेक प्रकारे होऊ शकेल. मात्र इतके निश्चित की, अध्ययनात खंड असणे हे आपल्या आचार्यांना न्यून वाटत नव्हते.

प्रतिपक्षाचे म्हणणे

या मतावर आक्षेप येईल आणि तो शास्त्राधारे येईल याची मला कल्पना आहे. एकच शास्त्र शिकणाऱ्याला शास्त्राचा निर्णय कळत नाही, म्हणून वैद्याने बहुश्रुत असावे असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायातच प्रतिपादिले आहे. मग विद्यार्थ्याने अनेक विषय ऐकू नयेत असे म्हणणे संकुचितपणाचे नव्हे काय?

हा आक्षेप वजनदार आहे. परंतु तोच अध्याय पूर्ण वाचावा. चंदनाचा भार वाहणाऱ्या गर्दभाला भार कळतो, चंदन कळत नाही, हा प्रसिद्ध दृष्टान्त त्याच अध्यायातील आहे. पुष्कळ शास्त्रे पढूनही ज्याला अर्थ उमगला नाही त्याच्यासाठी तो योजला आहे. म्हणजे एकाच अध्यायात आचार्यांनी दोन्ही टोकांना इशारा दिला. बहुश्रुतता हवीच, पण ती आपल्या शास्त्राचा अर्थ लागावा म्हणून हवी. तिला उभे आयुष्य आहे. ती एकवीस दिवसांत गाठावयाची गोष्ट नव्हे.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. महाविद्यालयात पुरेसे रुग्ण नसतील, कर्मे प्रत्यक्ष करावयास मिळत नसतील, तर विद्यार्थ्याने शिबिरांत जाऊ नये तर करावे काय? या आक्षेपापुढे मी नतमस्तक आहे. ही उणीव विद्यार्थ्याची नसून आपल्या संस्थांची आहे आणि ती शुल्क भरून विद्यार्थ्याच्या पालकांनी भरून काढावी हे अन्यायाचे आहे. तरीही उपाय म्हणून पाहिले तर दोन दिवसांत साठ-सत्तर जणांच्या गर्दीत मागच्या रांगेतून पाहिलेले अग्निकर्म ही उणीव भरून काढीत नाही. वैद्याच्या गुणांत चरकाचार्यांनी शास्त्रज्ञान, दाक्ष्य व शौच यांच्या बरोबरीने बहुशः दृष्टकर्मता सांगितली आहे, म्हणजे कर्म अनेक वेळा पाहिलेले असणे. एकदा पाहणे वेगळे आणि अनेकदा पाहणे वेगळे. सुश्रुताचार्यांनीही रुग्णावर शस्त्र चालविण्यापूर्वी कोहळा, दुध्या, काकडी यांसारख्या फळांवर छेदनाचा, मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ यांवर वेधनाचा सराव सांगितला. त्या ‘योग्या’ प्रकरणाला साहित्य म्हणून लागते ते भाजीबाजारातील चार फळे आणि रोजचा एक तास. त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, एवढीच त्याची उणीव!

प्रमाणपत्राविषयीही स्पष्ट बोलावे. खाजगी शिबिराचे प्रमाणपत्र ही परिषदेच्या नोंदवहीत नोंदविता येणारी अर्हता नव्हे. ते भिंतीवर लावता येते. नावापुढे लावता येत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्यांना कोणी स्वच्छ शब्दांत सांगत नाही. उलट अनेक निवेदनांत ‘प्रमाणपत्र मिळेल’ हे शब्द विषयापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेले असतात.

मग मात्रा किती?

केवळ निषेध करून भागत नाही. विद्यार्थी आकडा विचारतो तेव्हा त्याला आकडा द्यावा लागतो. विमानस्थानातील ‘त्रिविधकुक्षीय’ अध्यायात कुक्षीचे तीन भाग कल्पिले आहेत. एक मूर्त आहारासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांसाठी मोकळा. माझ्या अल्पमतीनुसार सुटीचीही अशीच विभागणी करावी.

पहिला भाग एका, आणि एकाच, अभ्यासक्रमासाठी. तो शिबिर असो किंवा ऐच्छिक विषय. निवड करताना आपल्याला काय आवडते याबरोबरच आपले काय कच्चे आहे हे पाहावे. संहिता वाचताना अन्वय लागत नसेल तर संस्कृत, द्रव्ये ओळखता येत नसतील तर द्रव्यगुण. प्रथम सत्रातील विद्यार्थ्याने नाडीपरीक्षेच्या शिबिरास जाण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. ज्याने अद्याप दोष-दूष्यांची भाषा नीट आत्मसात केलेली नाही, त्याच्या बोटांना नाडी काय सांगणार?

दुसरा भाग आपल्या गावातील अथवा तालुक्यातील एखाद्या अनुभवी वैद्यांच्या चिकित्सालयात बसण्यासाठी. सकाळचे दोन-तीन तास पुरेत. तेथे काही करावयाचे नाही; पाहावयाचे, ऐकावयाचे आणि सायंकाळी लिहून काढावयाचे. वैद्यांनी काय दिले यापेक्षा काय विचारले याची नोंद ठेवावी.

तिसरा भाग रिकामा. या शब्दाला विद्यार्थी व पालक दोघेही घाबरतात. परंतु या रिकाम्या भागातच आवृत्ती होते, झोप होते, आईच्या हातचे जेवण होते. गावच्या शिवारात फिरताना फुललेला बहावा आणि पाने गळालेली गुळवेल याच दिवसांत दिसतात. पुस्तकातील चित्रावरून न ओळखू येणारे द्रव्य अशा फिरण्यात कायमचे ओळखीचे होते.

याला अपवाद आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. ज्याचा एखादा विषय अनुत्तीर्ण राहिला आहे त्याने सुटीत एकही नवा अभ्यासक्रम घेऊ नये. आधीचे अजीर्ण असताना लंघन हेच पथ्य. ज्याच्या घरी आजारपण आहे, शेतीचे काम आहे, बहिणीचे लग्न आहे, त्यानेही घेऊ नये आणि त्याबद्दल मनात न्यूनगंड बाळगू नये. घरातील रुग्णाची तीन आठवडे केलेली शुश्रूषा हा परिचारकाचे गुण शिकविणारा उत्तम पाठ आहे. याउलट ज्याची ग्रहणशक्ती खरोखर तीक्ष्ण आहे, ज्याचे सत्राचे वाचन झालेले आहे आणि शुल्काचा भार ज्याच्या घरावर पडत नाही, त्याने दोन घ्यावेत. मात्र एक बुद्धीचा आणि एक हाताचा असावा, दोन्ही एकाच प्रकारचे नसावेत. तीन घेण्याजोगी अवस्था मला आजवर एकाही विद्यार्थ्यात दिसलेली नाही.

आणि जे शुल्क कर्ज काढून अथवा पिकाच्या पैशातून भरावे लागणार असेल, ते भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने एका अध्यापकाचा व एका आंतरवासीचा सल्ला अवश्य घ्यावा. “हे मला तुमच्या बाह्यरुग्ण विभागात विनामूल्य शिकता येईल का?” असे निर्भीडपणे विचारावे. पुष्कळदा उत्तर ‘होय’ असेच असते. कोणी विचारीत नाही म्हणून आपणही सांगत नाही.

संघटनेने काय करावे?

विद्यार्थ्यांना उपदेश करून आपण मोकळे होऊ शकत नाही. उन्हाळी शिबिरांतून आपल्या शाखांना उत्पन्न मिळते आणि त्यातून वर्षभराचे कार्यक्रम चालतात, हे आपण सारे जाणतो. म्हणूनच पुढील सूचना मी नम्रपणे, पण आग्रहाने मांडीत आहे.

शाखांनी आपापल्या जिल्ह्यातील शिबिरांचे एकत्रित वेळापत्रक फाल्गुनातच प्रसिद्ध करावे, म्हणजे विद्यार्थ्याला निवड करता येईल. आज निवेदने एकेक करून येतात आणि प्रत्येक वेळी हे राहून जाईल असे भय वाटते. प्रत्येक शिबिर कोणत्या सत्राच्या विद्यार्थ्यासाठी आहे हे निवेदनात लिहावे आणि त्याखालील सत्राच्या विद्यार्थ्यास प्रवेश देऊ नये. कर्म शिकविणाऱ्या शिबिरात प्रत्येकाला स्वतःच्या हाताने ते कर्म करण्याची संधी मिळेल एवढेच विद्यार्थी घ्यावेत. ‘प्रमाणपत्र’ या शब्दाऐवजी ‘उपस्थितीपत्र’ हा प्रामाणिक शब्द वापरावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, सुटीत विद्यार्थ्यांना आपल्या चिकित्सालयात विनाशुल्क बसू देण्यास तयार असलेल्या सभासद वैद्यांची तालुकावार यादी संघटनेने करावी. त्यासाठी निधी लागत नाही; एक खुर्ची आणि थोडा धीर लागतो. आपल्यापैकी बहुतेकांना कोणीतरी असेच बसू दिले होते. त्या ऋणाची परतफेड करण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढे काय केले हे सांगून लेख संपवितो. तिने यादीतील एकच ऐच्छिक विषय ठेवला आणि उरलेले पैसे वडिलांकडे राहू दिले. वसमतमधील एका वयोवृद्ध वैद्यांकडे ती रोज सकाळी बसली. जूनमध्ये परतल्यावर तिने मला वही दाखविली. तीत सदतीस रुग्णांच्या नोंदी होत्या. एका नोंदीखाली तिने स्वतःसाठी लिहिले होते, ‘आज वैद्यांनी पुन्हा मलाविषयी विचारले. मी विसरले असते.’

ते वाक्य वाचताना मला डांबरासारख्या मलाची तक्रार सांगणारे ते गृहस्थ आणि गप्प बसलेला माझा तो विद्यार्थी आठवला. त्याच्या धारिकेतील कोणत्याही प्रमाणपत्राने त्याला जे दिले नव्हते, ते या मुलीला तीन आठवड्यांत एका खुर्चीवर बसून मिळाले होते.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचे काल सांगितले आहेत. शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात घ्यावे. मुळे घ्यावयाची ती ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने झडून गेल्यावर. आपल्या विद्यार्थ्यांनीही ग्रीष्मात मुळांकडेच लक्ष द्यावे. शाखा-पल्लवांसाठी पुढे ऋतू पुष्कळ आहेत.

सुज्ञ वैद्यबंधुभगिनींनी या मताचे खंडन-मंडन अवश्य करावे. अध्ययन व अध्यापन यांच्या जोडीला तद्विद्यसंभाषा हाही ज्ञानाचा उपाय आपल्याच शास्त्राने सांगितला आहे. इत्यलम्।